उंदरांचे विष आणि घरट्यावरचा बाल्ड ईगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅसॅच्युसेट्सपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक मराठी घरांत आता बाल्ड ईगलच्या घरट्यांचे थेट प्रक्षेपण पाहिले जाते आणि त्यांपैकी कित्येक घरांच्या मागच्या भिंतीशी उंदरांसाठी ठेवलेली काळी पेटीही असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध बहुतेकांना एखाद्या गरुडाच्या मृत्यूची बातमी आल्यावरच कळतो आणि मग प्रश्न येऊ लागतात. ते ज्या शब्दांत येतात, जवळपास त्याच शब्दांत येथे दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाल्ड ईगल मासे खातो. मग उंदरांच्या विषाशी त्याचा संबंध येतोच कुठे?

मासे हे त्याचे मुख्य अन्न खरे, पण तो केवळ माशांवर जगत नाही. बदके, खारी, ससे, उंदीर, रस्त्यावर गाडीखाली सापडलेले रॅकून आणि ऑपॉसम, कचरा डेपोवर मिळेल ते, इतकेच काय, दुसऱ्या पक्ष्याने पकडलेली शिकारसुद्धा तो हिसकावून खातो. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात तळी गोठली की मासे मिळणे अवघड होते आणि मेलेल्या किंवा अर्धमेल्या प्राण्यांवरचे त्याचे अवलंबन वाढते. विष खाल्लेला उंदीर गरुडाने स्वतः खाल्ला पाहिजे असेही नाही. असे उंदीर खाणारा, किंवा आमिषावर थेट तोंड मारणारा, दुसरा कोणताही प्राणी त्याच्या तोंडी लागला तरी विष पुढे सरकते. शहराच्या कडेला नदीकाठी घरटे करणाऱ्या जोड्यांच्या बाबतीत तर वस्तीतले उंदीर आणि गरुडाचे अन्न यांच्यात फारसे अंतर उरलेलेच नसते.

२. हे विष शरीरात नेमके काय करते?

येथे मुख्यतः रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा विचार केला आहे, कारण गरुडांच्या शरीरात प्रामुख्याने तीच सापडतात. रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. एकदा वापरले गेलेले के जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करणारे एक विकर शरीरात असते. हे विष त्या विकरालाच अडवते. रक्तात आधीपासून असलेले घटक संपेपर्यंत काहीच दिसत नाही. ते संपले की एरवी सहज भरून निघाली असती अशी लहानशी जखम थांबत नाही आणि शरीराच्या आत, स्नायूंत, छातीत, पोटात रक्तस्राव सुरू होतो. झाडावर उतरताना बसलेला मुका मार किंवा झटापट करणाऱ्या भक्ष्याने काढलेला ओरखडा एवढे निमित्तही मग पुरते.

३. ‘पहिल्या पिढीचे’ आणि ‘दुसऱ्या पिढीचे’ विष म्हणजे काय?

वॉर्फरिन, क्लोरोफॅसिनोन आणि डायफॅसिनोन ही पहिल्या पिढीची विषे होत. यांतले वॉर्फरिन हे नाव पुष्कळांना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांमुळे परिचित असते. या विषांनी उंदीर मरण्यासाठी त्याला सहसा काही दिवस सलग आमिष खावे लागते आणि ती शरीरातून तुलनेने लवकर बाहेर पडतात. पुढे वॉर्फरिनला दाद न देणारे उंदीर आढळू लागले, आणि त्यांच्यासाठी ब्रोडिफॅकॉम, ब्रोमॅडिओलोन, डायफेथिअलोन आणि डायफेनाकॉम ही दुसऱ्या पिढीची विषे आली. यांची एका वेळची खाणीही पुरेशी ठरू शकते.

गरुडाच्या दृष्टीने खरा घातक गुण मात्र तीव्रतेपेक्षा चिकटून राहण्याचा आहे. लहान घरगुती उंदरांवरील एका अभ्यासात यकृतातील ब्रोडिफॅकॉमचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ३०० दिवस लागले. म्हणजे जानेवारीत खाल्लेल्या भक्ष्यातला अंश डिसेंबरात खाल्लेल्या भक्ष्यातल्या अंशात मिळू शकतो. एकेक मात्रा क्षुल्लक असली तरी यकृतात बेरीज होत राहते.

४. उंदीर पेटीत शिरतो आणि तिथेच मरतो ना?

नाही, आणि बहुतेकांचा गैरसमज होतो तो नेमका येथेच. त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीला दोन तोंडे असतात. आत एका दांडीवर निळसर किंवा हिरवट वड्या ओवून ठेवलेल्या असतात. उंदीर एका तोंडाने आत येतो, वडी कुरतडतो आणि दुसऱ्या तोंडाने निघून जातो. पेटीला कुलूप असते ते मुलांचे आणि कुत्र्यांचे हात-तोंड वडीपर्यंत पोहोचू नये म्हणून. उंदराला अडवणारे त्यात काहीही नसते.

त्यानंतर तो साधारण तीन ते दहा दिवस जिवंत असतो आणि या दिवसांत पुन्हापुन्हा येऊन खात राहतो. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. बाजारातल्या ब्रोडिफॅकॉमच्या आमिषात विषाचे प्रमाण सहसा ०.००५ टक्के, म्हणजे एका ग्रॅममागे ०.०५ मिलिग्रॅम असते. पाव किलो वजनाच्या उंदराला दगावण्यासाठी असे दीड-दोन ग्रॅम आमिष पुरेसे ठरू शकते, आणि त्याचे दिवसाचे एकूण खाणे वीस-पंचवीस ग्रॅमपर्यंत असते. त्यामुळे मरेपर्यंत त्याच्या अंगात स्वतःच्या मृत्यूला लागते त्याच्या कितीतरी पट विष साठू शकते. शेवटच्या दिवसांत त्याची चपळाई जाते, रात्री वावरणारा उंदीर भरदिवसा उघड्यावर येतो, भिंतीच्या कडेने अडखळत चालतो आणि माणूस जवळ गेला तरी पळत नाही. आकाशातून पाहणाऱ्या कोणत्याही शिकारी पक्ष्याला याहून सोपे भक्ष्य मिळणार नाही.

५. खरोखर किती गरुडांना याची बाधा झाली आहे?

जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या मृत गरुडांचा अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. यकृत तपासलेल्या ११६ बाल्ड ईगलपैकी ९६ मध्ये, म्हणजे सुमारे ८३ टक्क्यांमध्ये, रक्त गोठू न देणारे विष आढळले. तपासलेल्या १७ सुवर्णगरुडांपैकी १३ मध्ये ते होते. सर्वाधिक वेळा सापडलेले विष ब्रोडिफॅकॉम होते. मृत्यूचे कारणच हे विष, असा निष्कर्ष मात्र एकूण ३०३ गरुडांपैकी १२ बाबतीत, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांत निघाला.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला एकटा सांगितला तर बहुतेक गरुड विषाने मरत आहेत असे वाटते, आणि दुसरा एकटा सांगितला तर प्रश्न किरकोळ वाटतो. शिवाय तपासणीसाठी येतात ते माणसांना सापडलेले मृत पक्षी, त्यामुळे जंगलातल्या सर्व गरुडांचे प्रमाण यावरून थेट काढता येत नाही. तरीही मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या यकृतात उंदरांचे विष इतक्या सर्रास सापडावे, ही वस्तुस्थिती पुरेशी गंभीर आहे. मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाच्या वन्यजीव चिकित्सालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर तपासलेल्या ४३ पैकी ४३ लाल शेपटीच्या ससाण्यांत हे विष आढळले होते.

६. अंश सापडला, पण पक्षी मेला नाही, तर बिघडले कुठे?

मरणाला पुरे न पडणारी मात्राही पक्ष्याला अशक्त करू शकते, त्याची उडण्यातली अचूकता कमी करू शकते आणि अपघातात झालेला साधा रक्तस्राव जीवघेणा ठरवू शकते. अशा मृत्यूच्या कागदावर कारण म्हणून ‘आघात’ लिहिले जाते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटून वर्षभर शहरात मोकळा राहिलेला फ्लॅको हा घुबड २३ फेब्रुवारी २०२४ रोजी एका इमारतीखाली पडलेला सापडला. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात कबुतरांकडून आलेला तीव्र विषाणुसंसर्ग आणि चार प्रकारची उंदीरविषे आढळली. तो केवळ विषाने मेला असे कोणी म्हटले नाही, पण इमारतीशी टक्कर झाली नसती तरी या कारणांनी तो मेला असता, असे तपासणाऱ्यांचे मत पडले. गरुडांच्या बाबतीत कारणांची अशी गुंतागुंत हाच नेहमीचा प्रकार असतो. प्रश्न १३ पाहावा.

७. घरट्याच्या काळातच धोका जास्त का समजला जातो?

बाल्ड ईगलची मादी एक ते तीन अंडी घालते. ती सुमारे ३५ दिवस उबवावी लागतात आणि त्यानंतर पिल्ले उडू लागेपर्यंत आणखी दहा-बारा आठवडे जातात. उबवणे, पहारा देणे आणि अन्न आणणे ही कामे नर आणि मादी वाटून करतात. मॅसॅच्युसेट्ससारख्या थंड राज्यात अंडी बहुधा मार्चमध्ये असतात. त्या थंडीत एक पालक अन्नाला गेला असता दुसऱ्याने अंड्यांवर बसून राहणे हाच अंडी वाचण्याचा मार्ग असतो. दोघांपैकी एक गेला की उरलेल्याला अंडी उघडी टाकून अन्नाला जावे लागते, किंवा उपाशी बसून राहावे लागते. म्हणून या दिवसांत एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू पुष्कळदा त्या वर्षाच्या संपूर्ण विणीचा मृत्यू ठरतो.

अन्नाची गरजही याच काळात सर्वाधिक असते. पिल्ले वाढू लागली की पालक दिवसातून अनेकदा भक्ष्य आणतात आणि सहज हाती लागणारे भक्ष्य अर्थातच आधी उचलले जाते. कसे, ते प्रश्न ४ मध्ये आले आहे. त्यातच हिवाळ्यात उंदीर घरांकडे वळल्यामुळे नोव्हेंबरपासून ठेवलेल्या पेट्यांचा परिणाम विणीच्या सुरुवातीला ऐन भरात असतो.

८. मॅसॅच्युसेट्समध्ये नेमके काय घडले होते?

मार्च २०२१ मध्ये चार्ल्स नदीच्या परिसरात घरटे असलेली एक प्रौढ मादी केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत विकल अवस्थेत सापडली आणि दगावली. दुसऱ्या पिढीच्या विषाने बाल्ड ईगल मेल्याची त्या राज्यातील ही पहिली सिद्ध झालेली घटना होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मिडलसेक्स परगण्यात, घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले एक पिल्लूही याच कारणाने मेले. पुढे १ मार्च २०२३ रोजी आर्लिंग्टनमधील ‘एमके’ ही मादी उपचार सुरू असताना मरण पावली. पायातल्या कड्यावरच्या अक्षरांवरून तिला तेथील लोक एमके म्हणत. रोज तिला पाहणारी, तिच्या पिल्लांची वाढ टिपून ठेवणारी माणसे त्या गावात होती आणि आपल्याच गल्लीतल्या पेट्यांकडे त्यांचे लक्ष प्रथम तिच्या मृत्यूनंतर गेले.

या तीन मृत्यूंचे वजन कळण्यासाठी थोडा इतिहास आठवावा लागतो. त्या राज्यातले गरुडाचे शेवटचे घरटे १९०५ च्या सुमारास नाहीसे झाले होते. १९८२ ते १९८८ या काळात मिशिगन आणि कॅनडातून ४१ पिल्ले आणून क्वाबिन जलाशयाच्या काठी उंच मनोऱ्यांवर वाढवून सोडण्यात आली आणि १९८९ मध्ये त्यांच्यातून पुन्हा पहिली वीण झाली. ज्या पक्ष्याला परत आणण्यासाठी इतके कष्ट घेतले गेले, तो शहराकाठी आला आणि तेथे हे विष त्याच्या वाट्याला आले.

९. पिल्लांना आणि अंड्यांनाही विष पोहोचते का?

पिल्लांना निश्चित पोहोचते, कारण पालक आणतात तेच त्यांच्या चोचीत जाते. वर उल्लेखिलेले २०२१ मधील पिल्लू हे त्याचे उदाहरण आहे. लहान शरीराला तेवढेच विष अधिक भारी पडते, आणि नवी पिसे फुटत असताना पिसांच्या मुळांत रक्त खेळत असल्यामुळे रक्तस्रावाचा धोकाही अधिक असतो. अंड्यांबाबत सांगायचे तर विष दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत त्याचे अंश आढळले आहेत, त्यामुळे मादीकडून अंड्यात विष उतरू शकते हे दिसून आले आहे.

१०. विषबाधा झालेला गरुड कसा ओळखावा आणि आपण काय करावे?

तो जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर मान खाली घालून, पंख सैल सोडून बसलेला दिसतो. जवळ गेल्यावरही उडत नाही, किंवा उडण्याचा प्रयत्न करून कोसळतो. चोचीच्या आतला भाग पांढुरका पडलेला असतो. चोचीतून किंवा एखाद्या लहानशा जखमेतून येणारे रक्त थांबत नाही. शिशाच्या विषबाधेतही यांतली काही लक्षणे दिसतात, त्यामुळे निदान तपासणीवरच सोडावे.

स्वतः पकडण्याचा प्रयत्न करू नये. नख्या माणसाच्या हातात खोल रुतू शकतात, आणि झटापटीत पक्ष्याच्या शरीरात नव्याने रक्तस्राव सुरू होतो. लांब उभे राहून जागा नीट लक्षात ठेवावी, कुत्री आणि मुले दूर ठेवावीत आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला किंवा परवानाधारक वन्यजीव उपचार केंद्राला त्वरित फोन करावा. खाऊ-पिऊ घालू नये. मेलेला गरुड सापडला तरी हेच करावे. तो पुरू नये, कारण यकृताची तपासणी झाली नाही तर कारण कधीच कळणार नाही.

११. यावर उतारा आहे ना? मग गरुड वाचत का नाहीत?

के१ जीवनसत्त्व हा उतारा आहे आणि वेळेत मिळाल्यास तो काम करतो. गंभीर अवस्थेत रक्त चढवावे लागते. दुसऱ्या पिढीचे विष शरीरात रेंगाळत असल्यामुळे उपचार कित्येक आठवडे चालू ठेवावे लागतात. घरातल्या कुत्र्याने वडी खाल्ली तर मालकाला ते तासाभरात कळते आणि त्याला पशुवैद्याकडे नेता येते, पण गरुडाने काय खाल्ले हे पाहणारे कोणी नसते. तो माणसाच्या हाती लागतो तेव्हा शरीरातले बरेच रक्त आतल्या आत वाहून गेलेले असते.

१२. गरुडांची संख्या तर खूप वाढली आहे. मग एवढी काळजी कशाला?

संख्या वाढली आहे, हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत होती, तेव्हा १९६३ मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवरील ४८ राज्यांत केवळ ४१७ जोड्या उरल्याची नोंद झाली. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. २०१८-१९ च्या पाहणीवरून याच राज्यांत सुमारे ३,१६,७०० पक्षी आणि ७१,४६७ वापरातली घरटी असल्याचा अंदाज २०२१ मध्ये जाहीर झाला. उंदरांच्या विषाने ही जात आज नामशेष होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

काळजीची कारणे वेगळी आहेत. हा पक्षी साधारण पाच वर्षांचा झाल्यावर वीण करू लागतो, म्हणून प्रौढ पक्ष्याची जागा सहज भरून निघत नाही. शहरांजवळच्या विरळ वस्तीत एकेका जोडीला महत्त्व असते. शिवाय गरुड मोठा, सर्वांना परिचित आणि कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याचे शव तपासले तरी जाते. त्याच वस्तीत घुबडे, ससाणे आणि कोल्हे कितीतरी संख्येने न मोजता मरत असतात. डीडीटीच्या वेळी संख्या कोसळेपर्यंत वाट पाहिली गेली होती. या वेळी तशी वाट पाहण्याची गरज नाही.

१३. मेलेला प्रत्येक गरुड विषानेच मेला असे समजावे का?

मुळीच नाही. वाहनांची आणि विजेच्या तारांची धडक, पक्ष्यांचा फ्लू, गोळी लागणे अशी अनेक कारणे असतात. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतले शिसे हा तर स्वतंत्र आणि मोठा प्रश्न आहे. ३८ राज्यांतील १,२१० गरुडांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या पक्ष्यांत शिशाच्या दीर्घकालीन बाधेच्या खुणा आढळल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मिनेसोटात एका कचरा डेपोजवळ तेरा गरुड गुंगलेल्या किंवा मेलेल्या अवस्थेत सापडले. दयामरण दिलेल्या प्राण्यांची शवे तेथे टाकली गेली होती आणि त्यांतले औषध गरुडांच्या पोटात गेले होते. म्हणून तपासणीआधी शेजाऱ्यावर आरोप करू नये.

१४. दुकानात हे विष मिळत नाही असे ऐकले होते. मग ते येते कुठून?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये निर्णय घेऊन सामान्य ग्राहकांसाठीच्या लहान पाकिटांतून दुसऱ्या पिढीची विषे काढून टाकण्याचे ठरवले. एका प्रमुख उत्पादकाने विरोध केल्यामुळे त्याची पूर्ण अंमलबजावणी होण्यास २०१५ उजाडले. परवानाधारक पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांना आणि शेतीसाठी मोठ्या पॅकमध्ये मात्र ही विषे उपलब्ध राहिली. त्यामुळे तुम्ही स्वतः दुकानातून आणू शकत नाही तेच विष दरमहा येणारा माणूस तुमच्या पैशांनी तुमच्याच अंगणात ठेवतो, आणि करारात त्याचे नावही बहुधा लिहिलेले नसते.

काही ठिकाणी कायदे याच्या पुढे गेले आहेत. कॅलिफोर्नियात २०२१ पासून दुसऱ्या पिढीच्या विषांवर, २०२४ पासून डायफॅसिनोनवर आणि २०२५ पासून क्लोरोफॅसिनोन व वॉर्फरिनवर कडक निर्बंध आले. शेती आणि सार्वजनिक आरोग्य यांसारखे अपवाद तेथे आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२१ मध्ये तात्पुरती आणि जानेवारी २०२३ पासून कायमची बंदी घातली, तीही काही अपवाद ठेवून. तुमच्या राज्यात आज काय लागू आहे ते राज्याच्या कृषी किंवा कीटकनाशक विभागाकडूनच पडताळून घ्यावे.

१५. आमच्या कॉम्प्लेक्सभोवती काळ्या पेट्या आहेत. व्यवस्थापनाला काय विचारावे?

प्रथम पेटीवरचे लेबल वाचावे. पेटी उघडू किंवा हलवू नये. लेबलावर ‘सक्रिय घटक’ या शीर्षकाखाली विषाचे नाव छापलेले असते. प्रश्न ३ मधील चार नावांपैकी एखादे दिसले तर ते दुसऱ्या पिढीचे विष समजावे. लेबलाचा फोटो काढून ठेवावा.

मग व्यवस्थापनाला लेखी विचारावे की पेट्यांत काय आहे, त्या केव्हापासून आहेत, गेल्या सहा महिन्यांत उंदरांचा वावर कमी झाल्याची नोंद आहे का, आणि भिंतीतली भोके व कचऱ्याची जागा यांवर काय काम झाले. अनेक करारांत वर्षभर पेट्या भरत राहण्याचेच पैसे असतात. उंदीर असोत वा नसोत, वडी बदलली जाते. हा शेवटचा मुद्दा बैठकीत मांडला की पक्ष्यांविषयी आस्था नसलेले सभासदही ऐकतात, कारण तो त्यांच्या वर्गणीचा प्रश्न असतो. कुत्री आणि रांगती मुले यांचा मुद्दाही तितकाच खरा आहे. करार मोडण्याची मागणी करण्यापेक्षा ‘विषाऐवजी चाप लावा आणि भोके बुजवा’ असा बदल मागणे सोपे जाते, आणि बऱ्याच कंपन्या तशी सेवा देतात.

१६. विष न वापरता उंदीर जातात का?

जातात, पण कष्टाचा क्रम पाळावा लागतो. लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फटही पुरते, मोठ्याला त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून भोके स्टीलची जाळी आणि सिमेंट यांनी बुजवावी लागतात. केवळ फोम भरला तर तो कुरतडला जातो. कचऱ्याचे डबे घट्ट झाकणाचे हवेत. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे रोज खाली सांडत असतील तर उंदरांना आमंत्रण आपणच देत असतो आणि हे पक्षिप्रेमी घरांतच अधिक घडते. उरलेल्या उंदरांसाठी चाप बंद पेटीत, भिंतीलगत लावावेत. विजेवर चालणारे सापळेही मिळतात. बिळांत कर्बवायू सोडण्याची पद्धत परवानाधारक व्यावसायिक वापरतात आणि तिचा अंश पुढच्या प्राण्यात जात नाही. चिकट पट्ट्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांना लहान पक्षी आणि सरडेही चिकटून तडफडून मरतात.

१७. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो की तो ‘वेगळे’ विष वापरतो. ते सुरक्षित असते का?

‘वेगळे’ म्हणजे काय, ते नावानिशी विचारावे. ब्रोमेथॅलिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष आहे आणि त्यावर विशिष्ट उतारा नाही. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी३ जीवनसत्त्वाची प्रचंड मात्रा. नाव ओळखीचे असले तरी कुत्र्यामांजरांना ती घातक ठरते. ही विषे दुसऱ्या पिढीच्या विषांइतकी साठत जात नाहीत, म्हणून गरुडापर्यंत पोहोचण्याचा धोका कमी मानला जातो, पण धोका नाहीसा होत नाही.

१८. बेटांवरचे उंदीर मारण्यासाठी संवर्धकच ब्रोडिफॅकॉम वापरतात. हा विरोधाभास नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. अलास्कातल्या अल्यूशन द्वीपमालेत एक बेट इतके उंदरांनी भरले होते की त्याचे नावच रॅट आयलंड पडले होते. समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्ले तेथे वाचत नसत. २००८ मध्ये तेथे हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफॅकॉमचे आमिष टाकण्यात आले. उंदीर संपले, जमिनीवर घरटी करणारे पक्षी परतले आणि २०१२ मध्ये बेटाला हवाडॅक्स हे मूळचे अल्यूट नाव पुन्हा मिळाले. पण त्या मोहिमेनंतर तेथे ४६ बाल्ड ईगल आणि तीनशेहून अधिक कुरव पक्षी मेलेले आढळले. आमिष खाऊन मेलेले कुरव गरुडांनी खाल्ले होते.

आमच्या मते, निर्जन बेटावर एकदाच, ठरावीक मुदतीत, शास्त्रीय देखरेखीखाली केलेली मोहीम आणि शहरात वर्षानुवर्षे भरत राहिलेल्या पेट्या यांची तुलना होऊ शकत नाही. पहिलीत उंदीर कायमचे जातात. दुसरीत बाहेरून नवे उंदीर येतच राहतात आणि विषही. तरीसुद्धा त्या ४६ गरुडांची किंमत लहान म्हणता येणार नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीही हे विष कोणत्या वाटेने कुठवर पोहोचेल याचा अंदाज चुकतो, हे त्या बेटावर दिसले.

१९. घरट्याखाली गरुडाचे पीस सापडले. ते ठेवून घेता येईल का?

नाही. १९४० च्या गरुड संरक्षण कायद्यानुसार पीस, अंडे किंवा शरीराचा कोणताही भाग परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. वीण चालू असलेल्या घरट्यापासून सुमारे २०० मीटर अंतर राखण्याचा सल्ला संघराज्याच्या वन्यजीव सेवेने दिला आहे.

२०. महाराष्ट्रात असा धोका आहे का?

बाल्ड ईगल भारतात नाही, पण त्याचा जवळचा नातलग असलेला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटी करतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्याच्या घरट्यांची पाहणी केली आहे. आपल्याकडे शेतात झिंक फॉस्फाईड आणि ब्रोमॅडिओलोन ही दोन्ही वापरली जातात. झिंक फॉस्फाईड पोटात वायू होऊन लवकर मारते आणि भक्ष्याच्या शरीरात फारसे साठत नाही. ब्रोमॅडिओलोन मात्र प्रश्न ३ मधलेच दुसऱ्या पिढीचे विष आहे. शेतातले उंदीर मोठ्या प्रमाणावर खाणारे गव्हाणी घुबड आणि घारी यांना त्याचा धोका समुद्री गरुडापेक्षा अधिक संभवतो.

अन्नातून आलेल्या विषाने पक्षी कसे संपतात हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत देशातली बहुतेक गिधाडे गेलेली होती. औषध गुराला दिले जात होते, गिधाडाला कोणी देत नव्हते. उंदरांच्या विषाची वाटही तशीच आहे.

२१. घरात बाळ आहे, उंदीर स्वयंपाकघरात आले आहेत आणि लेप्टोची भीती वाटते. तरीही विष नकोच का?

बाळाचे आरोग्य आधी, यात दुमत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा खरा आजार आहे आणि उंदरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण घरात शिरलेल्या उंदरांसाठी चाप हा विषापेक्षा जलद उपाय आहे. विष खाल्लेला उंदीर आणखी आठवडाभर स्वयंपाकघरात फिरत राहतो आणि शेवटी भिंतीच्या पोकळीत मरून सडतो. चाप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी उंदीर सापडला की नाही हे कळते.

प्रादुर्भाव मोठा असून तज्ज्ञाने पाहणी करूनही विष अपरिहार्य ठरवले, तर काही अटी लेखी घालाव्यात. विष पहिल्या पिढीचे असावे. आमिष फक्त इमारतीच्या आत आणि ठरावीक आठवड्यांपुरते ठेवावे. रोज फेरी मारून मेलेले व सुस्तावलेले उंदीर उचलावेत. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाकावेत, अंगणात किंवा झुडपात फेकू नयेत. मुदत संपताच उरलेली प्रत्येक वडी मोजून परत नेली जावी. जवळपास गरुडाचे घरटे असेल तर पहिली पेटी ठेवण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवावे, म्हणजे त्या जोडीकडे लक्ष ठेवता येईल.